तुमचा नातू हिरवा झाला त्याची हकिकत

तीर्थरूप आईंना,

धाकट्या सुनेचा वाकून नमस्कार. तुम्ही तिकडे जिथे बसला असाल तिथे तुमचे पाय आहेत असं धरून मी इथे वाकले, आणि बाळ कडेवर होतं म्हणून तेही वाकलं, तेव्हा त्याचाही नमस्कार आलाच. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? डोळ्यात थेंब मोठ्या जाऊबाईंना घालू द्या, तुम्ही स्वतः घालता आणि अर्धे कानात जातात (हे त्या सांगत होत्या, मी नाही). मोठ्या भाऊजींना नमस्कार. तुमचे इकडचे चिरंजीव ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेलेत, खुशाल आहेत. फोन सोडून मी पत्र का लिहितेय, तर फोनवर तुम्ही मला मधेच तोडता आणि मग मला पुढचं आठवत नाही. रागावू नका. माझी शाळा लवकर सुटली, अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे, जिथे लागणार नाही तिथे जाऊबाईंकडून वाचून घ्या. फक्त त्यांना म्हणावं खिडकीत उभं राहून वाचू नका.

बाळ बरं आहे. हे पहिलं. दूध पितं, पाय झाडतं, माझे केस उपटतं. दुसरं म्हणजे गल्लीतून तुम्हाला कुणीतरी कळवलंच असणार की तुमचा नातू हिरवा झाला. ते खरं आहे. पण अख्खा नाही. म्हणजे आधी अख्खा होता, आता फक्त कानामागे, काखेत आणि मांडीच्या घडीत राहिलाय, आणि तोही फिका, शेवाळ धुऊन काढल्यावर दगडावर राहतो तसा. कावीळ नाही. (काविळीत पिवळं होतात. हे मी दिसेल त्याला विचारून घेतलंय, रस्त्यात एका पोस्टमनलासुद्धा.) आता तो हिरवा कसा झाला हे सांगायचं तर आपल्या डॉक्टरांपासून सुरुवात करायला लागते, आणि डॉक्टरांपासून सुरुवात केली की लांबतं, म्हणून चहा घेऊन बसा.

तुम्ही या घरात होतात तोवर ते नुसते डॉक्टर होते. आता आरोग्य अधिकारी झालेत. तुम्हाला एवढं कळलं असेल, पण आरोग्य अधिकारी म्हणजे काय ते कळलं नसेल, कारण इथेही कुणाला कळलेलं नाही. त्यांचा कोपऱ्यावरचा दवाखाना तुम्हाला आठवतोच. ती दोन लाकडी बाकं, बसून बसून काचेसारखी गुळगुळीत झालेली, पोर मांडीवरून घसरायचं. तो मागचा पडदा. आणि डॉक्टरांची ती पोटावर हात ठेवायची सवय, हात ठेवायचा आणि छताकडे बघत बसायचं, जसं काही वरच्या मजल्यावर कोण चालतंय ते ऐकतायत. पोर रडायचं थांबायचं. पोराची आईपण थांबायची. मी गरोदर होते तेव्हा कशालाही घाबरायचे, जिन्याला, मांजराला, डोक्यावरच्या पंख्याला (तो पंखा अजून पडलेला नाही, पण पडेल). डॉक्टर मला कधी म्हणाले नाहीत की घाबरू नकोस. ते म्हणायचे, घाबर, घाबरणाऱ्या आया मला आवडतात, लवकर येतात. फक्त घाबरलीस की आधी माझ्याकडे ये, शेजारणीकडे नंतर जा. मग मी रोज घाबरायला लागले आणि रोज जायला लागले, आणि त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

मग बाळ झालं, आणि तुम्ही मोठ्या भाऊजींकडे राहायला गेल्यावर त्याचं पोट बिघडायला लागलं. डॉक्टरांनी औषध दिलं, थांबलं. परत सुरू झालं. परत औषध, परत थांबलं, परत सुरू. माझं असं झालं की पोर औषधाने बरं होतं आणि घरी आणलं की बिघडतं, म्हणजे दोष माझ्याच हाताचा असणार. अशीच एकदा बाकावर बसले होते. बाकं भरलेली, सगळ्यांच्या मांडीवर तीच सुकलेली तोंडं. डॉक्टर पडदा सारून पुढच्याला बोलवायला आले आणि आमच्याकडे बघत उभेच राहिले. विचारलं, तुम्ही राहता कुठे गं सगळ्या? एकीने सांगितलं, दुसरीने सांगितलं, सगळ्या आपल्याच गल्लीतल्या. पुढच्याला त्यांनी आत घेतलंच नाही. गळ्यात तपासायची नळी तशीच, तडक बाहेर. आम्ही पोरं घेऊन मागे. गल्लीत भिंतीच्या कडेने पाण्याचा पाइप जातो ना, त्याच्यापाशी उकिडवे बसले आणि त्याला ती नळी लावून ऐकायला लागले.

बेकरीवाले दारात उभे होते. ते म्हणाले, काय डॉक्टर, ठोके पडतायत का?

डॉक्टर म्हणाले, आत्ता पाणी बंद आहे ना? मग आत काय वाहतंय?

त्या दिवसापासून माणूस बिघडला असं बेकरीवाले म्हणतात. नगरपालिकेत आरोग्य अधिकाऱ्याची जागा कधीपासून रिकामी होती, खुर्चीवर फिनेलचे डबे ठेवायचे. डॉक्टरांनी डबे उतरवले आणि स्वतः बसले. दवाखान्याला कुलूप. कंपाउंडर चष्म्याच्या दुकानात लागला, आणि सवय जात नाही म्हणून चष्मा देतानाही सांगतो, जेवणानंतर दोन वेळा. लोक म्हणाले डॉक्टरांना बढती मिळाली. मला विचाराल तर मला असं वाटलं की भर गर्दीत कुणीतरी माझा धरलेला हात सोडून दिला.

बरं, लोकांना वाटलं की खुर्ची बदलली, माणूस तोच आहे, तेव्हा सगळे तिकडे जायला लागले. नगरपालिकेचा तो जिना आहे ना काळोखा, त्याच्यावर खोकणाऱ्यांची रांग. डॉक्टर कुणालाही तपासायचे नाहीत. जीभ बाहेर काढली की म्हणायचे ती आत घ्या आणि पाणी कुठून भरता ते सांगा. एक आजोबा गाल धरून आलेले, त्यांना विचारलं, घरच्या टाकीला झाकण आहे का? आजोबा म्हणाले, टाकीला आहे, दाताला नाही. तरी त्यांना तपासलं नाहीच, हॉस्पिटलमधल्या दातवाल्याकडे पाठवलं आणि टाकी बघायला स्वतः त्यांच्या घरी गेले. उंदीर सापडले म्हणून बेकरी एक दिवस बंद ठेवली. त्या दिवसापासून बेकरीवाल्यांनी त्यांचं नाव गटारडॉक्टर पाडलं, आणि ते नाव असं चिकटलंय की परवा पेपर टाकणाऱ्याने मलाच विचारलं, गटारडॉक्टर साहेबांचं घर कुठलं? न्हाव्यालाही त्यांनी वस्तरा उकळायला लावला होता. त्याने सूड म्हणून त्यांची अर्धी दाढी केली आणि मग हात जोडून म्हणाला, साहेब, आता नियमाप्रमाणे वस्तरा परत उकळून आणतो हं. आणि गेला तो गेलाच. त्याला वाटलं चिडतील. डॉक्टर अर्ध्या दाढीने बसून राहिले, आणि आई, खूश होऊन बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, बघा, उकळतोय!

मी पण गेले होते, बाळाचं पोट परत बिघडलं तेव्हा. त्यांनी बाळाकडे पाहिलं, नाही म्हणत नाही, पण हात लावला नाही. म्हणाले, हॉस्पिटलमध्ये नवीन डॉक्टरीणबाई आल्यात, चांगल्या आहेत, आत्ताच्या आत्ता जा. बाई खरंच चांगल्या आहेत, पण छताकडे बघत नाहीत. औषध आणून मी घरी येते तर डॉक्टर माझ्या आधी हजर, मोरीत, गुडघ्यांवर, नळाखाली डोकं घालून. मला आलं रडू. मी म्हटलं, डॉक्टर, आजारी माणूस इथे माझ्या कडेवर आहे, मोरीत नाही. ते आतूनच म्हणाले, बाळाकडे बघायला आता एक आहे. मोरीकडे बघणारा मी एकटाच आहे.

त्यांचा संशय असा की गल्लीच्या वरच्या टोकाला ती तीन मजली इमारत आहे, तिच्या संडासाचा पाइप जमिनीखाली फुटलाय आणि ते सगळं आपल्या पिण्याच्या पाइपात शिरतंय. इमारतीच्या मालकांना तुम्ही ओळखता, पांढऱ्या मिशा, त्यांना रोज तेल लावतात. मालक म्हणाले, अशक्य. नळाचं पाणी ग्लासात घेऊन उजेडाला धरलं, म्हणाले, बघा, काच आहे की पाणी आहे सांगा. आणि पाणी खरंच काचेसारखं होतं, मीही पाहिलं. तेव्हा डॉक्टरांनी काय केलं, एक रंगाची पूड मागवली. ती संडासात टाकायची. पाइप धड असेल तर रंग गावाबाहेरच्या नाल्यात निघतो, धड नसेल तर जिथे फुटलाय तिथे कळतं. माणसाला त्याने काही होत नाही. टाकायची होती चमचाभर. पण पूड टाकायला गेला शिपाई, आणि शिपायाला वाटलं साहेबांचं पहिलंच मोठं काम आहे, कमी पडायला नको. त्याने अख्खा डबा पालथा केला. आणि साहेबांची शोभा व्हायला नको म्हणून तिन्ही मजल्यांवरच्या साखळ्या ओढून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आणि शिपाई गावाबाहेर नाल्याकाठी स्टूल टाकून बसले, हिरवं पाणी यायची वाट बघत. आमच्या नळांना पाणी आलं. स्वयंपाकघरातला बल्ब गेलेला (तुमच्या चिरंजीवांना सांगून थकले), मी झोपेतच टब भरला, बाळाला बुचकळलं, अंग चोळलं, टॉवेलात गुंडाळलं आणि उजेडात घेऊन आले. टॉवेल उघडला. आई, मी काय सांगू तुम्हाला. पोपटाचं पिल्लू असतं ना, तसं. आणि हसत होतं. मी जी किंचाळले ती किंचाळी बेकरीपर्यंत गेली असती, पण बेकरीतून आधीच दुसरी किंचाळी येत होती, कारण तिथे कणकेचा गोळा हिरवा झाला होता. न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक हिरव्या फेसासकट पळालं. मास्तरांचे पांढरे शर्ट दोरीवर, ते आता पांढरे नाहीत. आणि वरच्या टोकाहून मालक आले. ते गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पितात, त्या टाकीतही तेच पाणी चढतं. त्यांनी चूळ भरली होती. मिशा, आई. तेल लावलेल्या होत्या म्हणून रंग चांगला बसला.

आम्ही सगळे नाल्यावर धावलो. मला पुढे केलं, कारण माझ्याकडे हिरवं बाळ होतं. डॉक्टर लांबून आम्हाला बघून उठले आणि बाळ दिसल्याबरोबर त्या माणसाला इतका आनंद झाला की स्टूल नाल्यात पडलं. ओरडत आले, आलं, आलं! कुठल्या नळाला आलं? मालकांच्या मिशा पाहिल्यावर तर त्यांनी मालकांचे दोन्ही हात धरून हलवले, म्हणाले, तुमच्याकडेपण? वा! मी विचारलं, डॉक्टर, हे विष आहे का? ते म्हणाले, छे गं, नुसता रंग, दोनचार आंघोळीत जाईल. मग बेकरीवाल्यांनी बाटलीत आणलेलं हिरवं पाणी पुढे केलं.

म्हणाले, विष नाही ना? मग प्या.

डॉक्टर म्हणाले, हे? मी नाही पिणार.

बघा! बघा! पीत नाही!

अहो, रंग पिईन मी. पाणी नाही पिणार. त्यात या मालकांच्या तिन्ही मजल्यांचा संडास आहे.

कालपर्यंत स्वच्छ होतं!

कालही हेच होतं. काल फक्त दिसत नव्हतं.

पण आई, तेव्हा कोण ऐकतंय. लोकांनी एवढंच ऐकलं की डॉक्टर पाणी पीत नाहीत. आणि खरं सांगते, मलाही तेवढंच ऐकू आलं. मालक तर म्हणाले की माझ्या संडासात काय टाकायचं हे मी ठरवीन, दुसऱ्याने येऊन टाकायचं नाही. ते बरोबरच आहे म्हणा एका परीने.

डॉक्टरांनी त्याच दिवशी गल्लीचं पाणी बंद केलं आणि टँकर लावला. टँकरशी बादल्या घेऊन उभं राहायला लागतं म्हणून बायका डॉक्टरांच्या नावाने खडे फोडतात, आणि पाठीमागे मी असते म्हणून मला ऐकू जाईल असं फोडतात, कारण मी त्यांच्याकडे रोज जायचे ना. मालकांनी अर्ज केला नगरपालिकेत. त्यात माझं बाळ मुख्य पुरावा. शेजारच्या काकू (त्याच, घरातल्या घरातसुद्धा कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला ठेवणाऱ्या) सकाळ-संध्याकाळ येऊन बघून जायच्या की मी त्याला घासत तर नाही ना. म्हणायच्या, बैठक होईपर्यंत राहू दे, पुरावा आहे तो, साबण लावू नकोस. मी म्हटलं, काकू, वास येतोय. त्या म्हणाल्या, वासाचं अर्जात नाही. मी आपली दार लावून हळूच एक एक भाग घासायची, आणि बाहेर नेताना हिरवा भाग वर येईल असं धरायची.

मग बैठक झाली. पाणी समितीचे अध्यक्ष म्हणजे आपले मामा, तुमचे धाकटे बंधू. त्यांनी मला ओळख दिली नाही, कारण खुर्चीत असताना ते नात्यातल्या कुणाला ओळखत नाहीत (बाहेर आल्यावर बाळाच्या गालाला बोट लावलं, आणि मग रुमालाला पुसलं). मालक उभे राहिले, मिशा आता बिनतेलाच्या, कडेने अजून थोड्या पोपटी. पण बोलले छान. म्हणाले, डॉक्टरांबद्दल माझ्या मनात काही नाही, हाताला गुण आहे माणसाच्या, असा हात मोऱ्यांमधून वाया घालवायचा का? त्यांना या कामातून मोकळं करा. दवाखाना परत उघडू द्या, माझी खालची खोली देतो. आणि आमच्या नळाला होतं तसं स्वच्छ पाणी सोडा. सगळ्यांनी माना हलवल्या. आई, माझी सगळ्यात जोरात हलली. तो पडदा, ते बाक, तो पोटावरचा हात, सगळं मला परत मिळणार होतं, हाकेच्या अंतरावर. मामांनी मला विचारलं, मुली, तुला काही सांगायचंय? मी उठले आणि रडले आणि बसले. ते त्यांनी लिहून घेतलं.

मग डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दवाखान्यात पाठवलंत तर जाईन, ते काम मला चांगलं येतं. पेशंटही कमी पडणार नाहीत. त्याची सोय मालकांच्या पाइपाने करून ठेवलीय. सगळे हसले. मीपण हसले. मग मांडीवर बघितलं, तर तो पेशंट तिथेच बसून माझ्या पदराचं टोक चघळत होता. माझं हसू तिथेच राहिलं. मामा म्हणाले, निकाल पुढच्या बैठकीत.

त्यानंतर एकदा डॉक्टर टँकरचं पाणी तपासायला म्हणून बाटलीत घ्यायला गल्लीत आले. कुणी बोलेना त्यांच्याशी. मी बाळ घेऊन आडवी गेले आणि म्हटलं, एकदा पोटावर हात ठेवा. म्हणाले, काय होतंय त्याला? मी म्हटलं, तुम्ही सांगा. तिथेच, टँकरच्या चाकाशी, त्यांनी बाटली खिशात घातली, हात पॅंटला पुसला आणि बाळाच्या पोटावर ठेवला. वर छत नव्हतं, तरी वर बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, काही नाही.

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणजे काही नाही. टँकर आल्यापासून बिघडलंय का पोट?

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आई. नव्हतं बिघडलं. त्याच्या झबल्याच्या गुंड्या लागत नव्हत्या आणि मी समजत होते की झबलं आटलं. मला वाटलं डॉक्टर खूश होतील, पण खूश झालेले दिसले नाहीत. म्हणाले, दवाखान्यात पोर बरं झालं की आई पाया पडायची. आता पोराला काही होतच नाही. काही झालं नाही म्हणून कोण पाया पडायला येणार? मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी तिथल्या तिथे वाकले. बादली लवंडली. काकू ओरडल्या, बाई, पाणी! डॉक्टर म्हणाले, ऊठ, ऊठ, लोक म्हणतील आता पोरीलाही हिरवं करणार.

तर अशी हकिकत आहे. बाळाला अजून थोडं घासायचं राहिलंय, तुम्ही याल तोवर तो आपल्या घराण्याच्या रंगावर येईल. तुमच्या चिरंजीवांना मी हिरव्याचं अजून सांगितलेलं नाही, ते गाडी चालवत असतात. लवकर या. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, जाऊबाईंना वाचून दाखवल्याबद्दल आधीच धन्यवाद.

तुमची धाकटी सून

ता. क. एक काम होतं. मामा तुमच्या शब्दाबाहेर नाहीत असं सगळे म्हणतात, तुम्ही त्यांना लहानपणी कानाला धरून शाळेत नेत होतात. तर त्यांना सांगा की डॉक्टरांना आहेत तिथेच ठेवा, आणि मालकांना पाइप बदलायला लावा. मी बैठकीत मान हलवली आणि रडले ते धरू नका म्हणावं. मला अजूनही डॉक्टर दवाखान्यातच हवेत. रोज हवेत, आत्ता हे लिहितानाही बाळ शिंकलं तर वाटलं उठून जावं. म्हणून तर सांगते, या बाबतीत माझं ऐकू नका, मी जे सांगते ते ऐका.

आणखी. हे मी लिहिलंय असं कुणाला सांगू नका. मला याच गल्लीत राहायचंय, आणि टँकरच्या रांगेत काकूंच्या मागे माझा नंबर असतो. मामांनाही असं सांगा की तुमचं तुम्हालाच सुचलं.

शेवटचं. हे लिहावं की नाही कळत नव्हतं. मागे फोनवर तुम्ही चिरंजीवांना म्हणालात ना, की त्याच नळाच्या पाण्यावर माझी पोरं वाढली, आम्हाला कुठे काय झालं. ते मी डॉक्टरांना सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं, आई, मला काय माहीत. ते हसले नाहीत. म्हणाले, दोन वाढली. मधल्या दोघी नाही वाढल्या. मला या घरात हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारायचा प्रश्नच नव्हता. ते तेव्हा नवीन होते म्हणाले, दवाखाना नुकताच उघडलेला. त्यांनी तुम्हाला निरोप दिलाय, तो जसाच्या तसा लिहिते. "त्यांना सांग, औषध बरोबर दिलं होतं. दोन्ही वेळेला बरोबर दिलं होतं." एवढाच आहे. मी त्यात माझं काही घातलेलं नाही.